दोघांत वाटायचं तर

दुलुथला नोव्हेंबरात चार वाजताच दिवा लावावा लागतो.
व्हर्नरच्या तळघरात भट्टी घरघरते.
सरोवरावरून येणारं जहाज पुलाला भोंगा देतं,
पूल त्याला उलट देतो,
आणि व्हर्नर पत्ते पिसता पिसता म्हणतो,
"खनिजवालं. उशीर झाला त्याला."

टेबल नऊ जणांचं आहे.
हिरवं कापड लेम्पीनं, त्याच्या बायकोनं, ठोकून बसवलेलं,
त्यावर नऊ पेल्यांचे नऊ डाग.
आम्ही समोरासमोर बसतो. मधे सगळं मैदान.

हा खेळ मला यानंच शिकवला.
हातात चार पानं, त्यातली दोनच लावायची,
नेमकी दोन.
टेबलावर पाच, त्यातली तीन.
अर्धा गल्ला मोठ्या हाताला, अर्धा लहानाला,
आणि लहान म्हणजे अठ्ठीच्या वर एकही पान नको.
मी तेहेतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये
काचपट्टीवरचं बारीकसारीक बघत आलेली बाई,
मला लहान हात लगेच उमगला.
एक्का-दुर्री आली की थांबायचं.
सोबत तिर्री असेल तर चेहरासुद्धा हलू द्यायचा नाही.
बाकीचं टाक, म्हणायचा तो,
"टाक, अल्का, टाकणं हाच खेळ आहे."
माझं नाव उल्का. तेही मी तेव्हाच टाकून दिलं.

मग डोलोरेस झुपान्चिच मुलाकडे फ्लोरिडाला गेली.
बड ओलुफसनला बदाम आणि चौकट वेगळे दिसेनासे झाले,
तरी तो दोन वर्षं खेळला, आम्ही सांगितलं नाही.
लेम्पी मार्चमध्ये.
बाकीच्यांचं काय, विचारू नका,
खुर्च्या वरच्या मजल्यावर नेल्या.

दोघंच उरलो त्या पहिल्या रात्री
मी एक्का-दुर्री घेऊन शहाण्यासारखी बसले,
लहान जिंकले, अर्धा गल्ला ओढला, मोजला.
बारा डॉलर.
टाकले होते किती? बारा.
नऊ जणांत अर्धं म्हणजे घबाड,
इतरांनी सोडलेलं सगळं त्यात असतं.
दोघांत अर्धं म्हणजे आपलंच आपल्याला,
फक्त जरा चुरगळून.

तेव्हापासून पानांचे भाव बदलले.
राजाची जोडी, जिला मी वर्षानुवर्षं
उंबऱ्यावरूनच परत धाडलं,
तिला आता आत घेते, बस म्हणते.
एकटा एक्काही पुरतो, सोबत कुणीही असो.
दुर्री-तिर्री-चौकी-पंजी दिसायला गोजिरवाणी,
पण एकटीनं अर्ध्या वाटेपर्यंतच सोडते.
सत्ती-अठ्ठी-नव्वी मात्र तेव्हाही वाईट, आताही वाईट.
माणसं कमी झाली म्हणून
काही गोष्टी सुधारत नाहीत.

आज आलं ते असं: एक्का, गुलाम, दोन सत्त्या.
नऊ जणांत हे मी चहा ढवळता ढवळता टाकलं असतं.
आज धरलं.
टेबलावर राणी, सत्ती, परत राणी, तिर्री, दश्शी.
लहान हात जमलाच नाही कुणाचा.
व्हर्नरनं आपली एक्का-दुर्री उताणी ठेवली,
स्टेशनवर सामान बांधून बसलेल्या
पाहुण्यांसारखी दोघं, गाडी न आलेली.
"हे तू टाकायला हवं होतंस," तो म्हणाला.
"कुणी शिकवलं तुला?"

शेल्फवर कॉफीचा डबा आहे.
गल्ला अर्धा करताना पाव डॉलरचं एक नाणं उरायचं कधीकधी,
नियमानं ते मोठ्या हाताचं,
पण लेम्पीचा नियम वेगळा होता: उरलेलं डब्यात.
जूनमध्ये त्यातून सगळ्यांना तळलेला मासा.
व्हर्नर अजून रोज डबा हलवून बघतो.
मी हिशेब सांगत नाही त्याला,
की दोघांनी सारखंच टाकलं
तर वाटून झाल्यावर काही उरतच नाही.
तो आवाज ऐकतो, डबा जागेवर ठेवतो,
पत्ते माझ्याकडे सरकवतो.
"वाट," म्हणतो.